पाऊस, पदर आणि पाटी

आमच्या शाळेत माजी विद्यार्थ्यांचा मेळावा भरायचा होता. त्यासाठी एक सूचना लिहून काढायचे काम माझ्याकडे आले. मी कादंबऱ्या लिहितो, तेव्हा मला शब्द चटकन सापडतील अशी सहकाऱ्यांची समजूत. आधीच्या एका मेळाव्याला कुणी झिरझिरीत कपडे घालून आले होते, त्यावरून पुष्कळ कुजबुज झाली होती. म्हणून मी लिहिले की महिलांनी पारदर्शक, तोकडे अथवा अंगप्रदर्शन करणारे कपडे घालून येऊ नये. वाक्य व्याकरणशुद्ध होते. ते पाटीवर लागले.

दोन दिवसांनी माझी एक जुनी विद्यार्थिनी भेटायला आली. आता ती स्वतः नोकरी करते, संसार करते. तिने पाटी वाचली होती. शिवाय बारा वर्षांपूर्वीची माझी एक कादंबरीही वाचली होती. त्या कादंबरीत नायिका पावसात सापडते आणि तिच्या ओल्या लुगड्यावर मी सव्वा पान खर्ची घातले आहे. त्या पानाचे त्या वेळी कौतुकही झाले होते. ‘काव्यमय’ हा शब्द एका परीक्षणात दोनदा आला होता. बाईंनी शांतपणे विचारले, ‘सर, तुमची नायिका मेळाव्याला आली, तर तिला दारातून परत पाठवाल का?’

मी हसून वेळ मारून नेली. पण प्रश्न मनातून जाईना. एकाच लेखणीने ते सव्वा पान लिहिले होते आणि ती पाटीही. दोन्हीपैकी कोणते खोटे होते, की दोन्ही, हे पाहण्यासाठी हा लेख आहे.

पहिली गोष्ट पावसाची. आपल्या कथाकादंबऱ्यांत आणि विशेषतः आपल्या चित्रपटांत पाऊस फार सोयीचा असतो. जे वस्त्र एरवी सभ्य आहे, ते भिजवून पारदर्शक करायचे आणि त्याचा दोष आभाळाला द्यायचा, हा आपला जुना रिवाज. पाऊस नसेल तेथे नदी असते. नदी नसेल तेथे धबधबा असतो. राज कपूर यांचा ‘राम तेरी गंगा मैली’ 1985 साली आला. त्यात नायिका पांढऱ्या वस्त्रात धबधब्याखाली उभी राहते. तो चित्रपट सेन्सॉर मंडळाने संमत केला आणि घरेच्या घरे तो पाहून आली. त्यावर टीका झाली नाही असे नाही. पण ज्या माणसांनी तो पाहिला, त्यांतलीच कितीतरी माणसे बसच्या थांब्यावर उभ्या असलेल्या मुलीची पातळ ओढणी पाहून ‘काय जमाना आला’ म्हणतात. यात निव्वळ ढोंग आहे असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे. मला ते पुरेसे वाटत नाही. दोन्ही ठिकाणी शरीर तितकेच दिसते; मग फरक कोठे पडतो?

मला वाटते, फरक इच्छेचा आहे. धबधब्याखालच्या नायिकेने ते वस्त्र दिसावे म्हणून नेसलेले नसते. निदान कथा तरी तसे सांगते. ती निष्पाप असते, बेसावध असते. जे दिसते ते तिच्या हातून घडलेले नसून तिच्यावर ओढवलेले असते. आपण बघणारे मात्र सावध असतो. थांब्यावरची मुलगी आरशात पाहून, विचार करून घराबाहेर पडलेली असते. तिची ती पसंती आपल्याला सलते. बाईचे अंग तिच्या नकळत दिसले तर ते काव्य, आणि तिच्या मर्जीने दिसले तर ती असभ्यता, असा हा हिशेब आहे. माझ्या सव्वा पानात हाच हिशेब होता आणि पाटीवरही हाच होता. म्हणजे पान आणि पाटी एकमेकांच्या विरोधात नव्हतीच. ती सख्खी भावंडे होती.

झिरझिरीत वस्त्राविषयीचे मतभेद काही आजचे नाहीत. इसवी सनाच्या पहिल्या शतकात रोमचा तत्त्वज्ञ सेनेका रेशमी वस्त्रांवर चिडला होता. ज्यांनी ना अंग झाकते ना लाज, त्यांना वस्त्रे तरी का म्हणावे, अशी त्याची तक्रार. गंमत अशी की इ. स. 16 मध्ये रोमच्या सिनेटने रेशमावर बंदी घातली ती पुरुषांसाठी. पुरुषांनी तलम कपडे घालणे त्यांना पौरुषाला लांच्छन वाटले. आपल्याकडे ढाक्याच्या मलमलीला ‘आब-ए-रवाँ’ म्हणजे वाहते पाणी आणि ‘शबनम’ म्हणजे दव अशी नावे होती. औरंगजेबाने मुलीला अंग दिसते म्हणून दटावले आणि तिने आपण सात पदरी मलमल नेसल्याचे सांगितले, अशी एक गोष्टही सांगतात. ती खरी असो वा नसो. बाप आणि मुलगी यांच्यातला तो संवाद आजही घरोघर चालू असल्यामुळे ती टिकली आहे.

आणि आपली कला? अजिंठ्याच्या भिंतींवर राजस्त्रिया आणि दासी यांची वस्त्रे इतकी तलम रंगवली आहेत की ती आहेत हे काठावरूनच कळते. पाचव्या शतकातल्या सारनाथच्या बुद्धमूर्ती पाहाव्या. चीवर अंगाला असे लगटलेले की गळ्याशी आणि पायाशी एक रेघ दिसते, एवढाच वस्त्राचा पुरावा. त्या मूर्तीपुढे उभा राहणारा माणूस वस्त्राचा विचार करीत नाही. त्याचे डोळे मूर्तीच्या मिटत आलेल्या डोळ्यांकडे जातात. शिल्पकाराने आपली नजर कोठे न्यायची हे ठरवलेले असते. अश्लीलतेची चर्चा करताना आपण किती दिसते हे मोजतो. पण कलेत खरा प्रश्न नजर कोठे नेली जाते हा असतो.

किती झाकले यावरून सभ्यता मोजता येत नाही, याचे दाखले परदेशात शोधायला नकोत. मुंबईच्या बाजारात मासळी विकणारी कोळीण गुडघ्यापर्यंत घट्ट लुगडे नेसते. कोकणात लावणीच्या दिवसांत बायका कासोटा वर खोचून चिखलात उभ्या असतात. त्यांना कुणी असभ्य म्हणत नाही, कारण ते कामाचे कपडे आहेत हे सर्वांना कळते. उलट तमाशातली नर्तकी नऊवारीत गळ्यापासून घोट्यापर्यंत झाकलेली असते, आणि तरी कित्येक पिढ्या आपण तिच्या कलेला अश्लील म्हणत आलो. केरळातल्या कित्येक मंदिरांत पुरुषाला सदरा काढल्याशिवाय आत जाता येत नाही. तेथे उघडे अंग ही मर्यादा आहे. खुद्द आपल्या भाषेची गंमत पाहा. नऊवारी लुगड्याच्या जागी पाचवारी गोल साडी आली, तिला आपण ‘पातळ’ म्हटले. तिला नाके मुरडणाऱ्या आज्या होत्या. आज तेच पातळ मर्यादेचे प्रतीक म्हणून पुढे केले जाते.

येथे एक इतिहास विसरता येत नाही. त्रावणकोर संस्थानात नाडार स्त्रियांना छाती झाकण्याचा हक्क नव्हता. त्यांनी वरचे वस्त्र घेतले म्हणून दंगे झाले, त्यांची वस्त्रे फाडली गेली. अनेक दशकांच्या झगड्यानंतर 1859 साली राजाज्ञेने त्यांना अंग झाकण्याची मुभा मिळाली, तीही वरच्या जातींतल्या बायकांसारखे वस्त्र घेऊ नये या अटीवर. म्हणजे त्या काळी, त्या ठिकाणी, झाकणे हाच उद्धटपणा होता. उघडे राहा असे सांगणारे आणि झाकून घ्या असे सांगणारे वरवर परस्परविरोधी दिसतात. पण दोघांची मुळातली भूमिका एकच. तुझ्या अंगावर काय असावे हे आम्ही ठरवू. ज्ञानदानंदिनी ठाकूर 1864 च्या सुमारास नवऱ्याबरोबर मुंबईस आल्या तेव्हा बंगाली घरातली एकेरी साडी बाहेर पडण्याजोगी नव्हती. त्यांनी पारशी स्त्रियांची पद्धत पाहून परकर-झंपराबरोबर साडी नेसण्याची रीत घडवली आणि ती बंगालात नेली. त्यांनी अंग अधिक झाकले; पण ते झाकणे घराबाहेर पडण्यासाठी होते, त्यांच्या स्वतःच्या गरजेतून आले होते. म्हणून ती सुधारणा ठरली.

अलीकडे पाट्या पुष्कळ लागतात. 2020 साली शिर्डीत भाविकांनी सभ्य पोशाखात यावे अशा आवाहनाचे फलक लागले आणि त्यावरून वाद झाला. मे 2023 मध्ये तुळजापूरच्या मंदिरात अशीच पाटी लागली आणि ओरड होताच त्याच दिवशी मागे घेतली गेली. 2025 च्या आरंभी मुंबईच्या सिद्धिविनायक मंदिराच्या न्यासाने पोशाखाचे नियम जाहीर केले. कायद्याचे म्हणणे काय, हेही पाहण्यासारखे आहे. ऑक्टोबर 2023 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे एका समारंभात तोकड्या कपड्यांत नाचणाऱ्या स्त्रियांवरून झालेला खटला आला. तसे कपडे चित्रपटांत आणि सौंदर्यस्पर्धांत लोक रोज पाहतात, तेव्हा केवळ त्यावरून अश्लीलतेचा गुन्हा होत नाही, असे न्यायालयाने म्हटले आणि गुन्हा रद्द केला.

तरीही पाटी लावणारा प्रत्येक माणूस दुष्ट असतो असे मी म्हणणार नाही. मीही त्यांतला एक आहे. स्थळाला स्वतःचा एक सूर असतो. स्मशानात भरजरी शालू नेसून कुणी जात नाही आणि वर्गात लुंगी लावून मी शिकवत नाही. आपल्याबरोबर जी माणसे बसली आहेत, त्यांचा विचार करून कपडे करणे हा नागरिकपणाचाच भाग आहे. शिवाय झिरझिरीत वस्त्र म्हणजे दर वेळी स्वातंत्र्यच असते असेही नाही. पुष्कळदा ते कुणाच्या तरी विक्रीचे साधन असते. साबणाच्या, मोटारीच्या, चित्रपटाच्या जाहिरातीत जी मुलगी उभी असते, तिच्या मर्जीपेक्षा दुकानदाराची मर्जी तेथे चालते. हे आक्षेप खरे आहेत. पण ते खरे मानले तर त्यांचा रोख दुकानदाराकडे आणि स्थळाच्या रीतीकडे असायला हवा, आणि रीत असेल तर ती पुरुषालाही लागू हवी. माझ्या पाटीत पुरुषांचा उल्लेख नव्हता. बनियनावर सदऱ्याची बटणे उघडी टाकून येणारे आमचे माजी विद्यार्थी मला लिहिताना आठवलेच नव्हते.

आपण लेखक मंडळी या बाबतीत स्वतःला मोठे उदार समजतो. र. धों. कर्व्यांनी 1927 ते 1953 ‘समाजस्वास्थ्य’ चालवले, मुखपृष्ठावर नग्नचित्रे छापली, खटले सोसले. 1934 च्या खटल्यात डॉ. आंबेडकर त्यांच्या बाजूने उभे राहिले. 1962 च्या ‘रंभा’च्या दिवाळी अंकातल्या चंद्रकांत काकोडकरांच्या ‘श्यामा’वर खटला झाला आणि तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन 1969 साली ते निर्दोष सुटले. दिवाळी अंकात लिहिताना या पूर्वजांची आठवण ठेवावीच. पण लिहिण्याचे स्वातंत्र्य मिळाले म्हणजे लिहिलेले चांगलेच असते असे नाही. अश्लील म्हणून माझे पान कोणी कोर्टात नेले असते तर मी त्याचा बचाव केला असता आणि तो योग्य ठरला असता. टीकाकार म्हणून मात्र तेच पान मला आज नापास करावेसे वाटते. ते अश्लील आहे म्हणून नव्हे. त्यात ती बाईच नाही म्हणून.

महाभारतातल्या सभेकडे एकदा या दृष्टीने पाहावे. द्रौपदी तेथे एकवस्त्रा येते. रजस्वला असल्यामुळे ती अंतःपुरात होती, सभेच्या योग्य वेषात नव्हती. आमच्यासारखा पाटी लावणारा कुणी दाराशी असता तर त्याने तिलाच वेषावरून अडवले असते. पण व्यासांना तिचे वस्त्र हा प्रश्न वाटला नाही. तिला कुणी ओढून आणले, कोण बघत बसले आणि कोण गप्प राहिले, हा त्यांचा विषय. सभेची मर्यादा मोडली ती बसलेल्यांनी. आणि त्या प्रसंगात व्यास द्रौपदीला केवळ पाहत नाहीत. तिला बोलू देतात. तिने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर भीष्मालाही देता आले नाही. ललितलेखकाने आपल्या प्रत्येक ओलेत्या नायिकेला निदान एक प्रश्न विचारण्याची सवड द्यावी, एवढे त्या सभेवरून शिकण्यासारखे आहे.

मेळाव्याची पाटी मी काढून घेतली. तिच्या जागी दुसरी लिहिली. मेळावा सकाळी नऊला आहे, बसण्याची सोय सतरंजीवर आहे, दुपारी ऊन असेल, त्या बेताने यावे. लोक त्या बेताने आले. कुजबुज झाली नाही असे नाही, ती व्हायचीच.

कादंबरीची नवी आवृत्ती निघायची आहे. ते सव्वा पान काढून टाकावे असे एकदा वाटले, पण ते पाटी लावण्यासारखेच झाले असते. तेव्हा ते पुन्हा लिहायला बसलो. पाऊस तोच, रस्ता तोच. या वेळी मी तिच्याबरोबर चाललो. तेव्हा लक्षात आले की नऊ वार भिजलेले सुती लुगडे फार जड असते. ते पायांत येते, निऱ्या वर धरून चालावे लागते, दात थडथड वाजतात आणि घरी काय सांगायचे ही काळजी वेगळीच. बारा वर्षांपूर्वीच्या त्या काव्यमय पानात ते जडपण मला एकदाही सुचले नव्हते.