शब्दमेघ : मराठीच्या दृष्टीने एक परीक्षण

एखाद्या लेखातील शब्द मोजावेत, जो शब्द जितक्या वेळा आला असेल तितका तो मोठा छापावा, आणि असे लहानमोठे शब्द एका आकृतीत दाटीने बसवावेत, या रचनेला 'वर्ड क्लाउड' असे नाव रूढ झाले आहे. मराठीत तिला 'शब्दमेघ' म्हणता येईल. तिची कल्पना संगणकाच्या सार्वत्रिक प्रसाराहून जुनी आहे. १९७६ मध्ये स्टॅन्ली मिलग्रॅम या मानसशास्त्रज्ञाने पॅरिसच्या रहिवाशांच्या मनातील नगररचनेचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातील नकाशात स्थळांची नावे लोकांच्या उल्लेखांच्या प्रमाणात लहानमोठी छापली होती. पुढे २००४ च्या सुमारास 'फ्लिकर' या छायाचित्रांच्या संकेतस्थळाने ही रीत लोकप्रिय केली, आणि २००८ मध्ये जोनाथन फाइनबर्ग याच्या 'वर्डल' या साधनामुळे ती शाळा-महाविद्यालयांच्या वर्गांत येऊन पोचली. आता संस्थांची संकेतस्थळे, अहवालांची मुखपृष्ठे आणि वर्गातील फलक यांवर मराठी शब्दमेघही दिसू लागले आहेत. त्यामुळे या चित्राचा मराठीशी मेळ कितपत बसतो, हा प्रश्न केवळ सजावटीचा राहिलेला नाही.

शब्दमेघ दोन गृहीतांवर उभा असतो. पहिले असे, की दोन मोकळ्या जागांमधील अक्षरसमूह म्हणजे एक शब्द. दुसरे असे, की जो शब्द अधिक वेळा येतो तो अधिक महत्त्वाचा. इंग्रजीत पहिले गृहीत बऱ्याच अंशी निभावते. मराठीत ते मुळातच टिकत नाही. दुसरे गृहीत कोणत्याच भाषेत पूर्णपणे खरे नाही. या दोहोंचा स्वतंत्रपणे विचार करणे इष्ट होईल.

१

मराठीत नामाला विभक्तिप्रत्यय किंवा शब्दयोगी अव्यय लागताना नामाचे आधी सामान्यरूप होते, आणि प्रत्यय त्याला जोडून लिहिला जातो. मोरो केशव दामले यांच्या १९११ च्या 'शास्त्रीय मराठी व्याकरणा'पासून ही व्यवस्था विद्यार्थ्यांच्या परिचयाची आहे. हिंदीत 'पानी का', 'पानी में' असे परसर्ग नामापासून तोडून लिहितात. म्हणून यंत्राच्या मोजणीत 'पानी' अभंग राहतो. मराठीत 'पाण्याचा', 'पाण्यात', 'पाण्यासाठी' ही तीन स्वतंत्र पदे ठरतात. सबब, हिंदीत ठीक चाललेले साधन मराठीतही ठीक चालेल, असा तर्क करणे चुकीचे आहे.

याचा परिणाम किती दूर जातो, हे पाहण्यासाठी एक लहानसा उतारा रचून घेऊ. विषय सांगली जिल्ह्यातील कवठे महांकाळ तालुक्याचा आहे. हा भाग पर्जन्यछायेचा. तेथील शेतीची आशा पुष्कळशी म्हैसाळ येथे कृष्णेतून टप्प्याटप्प्याने उपसून आणलेल्या पाण्यावर अवलंबून असते. उतारा असा :

'उन्हाळ्यात गावात पाणी नाही. पाण्यासाठी बायका पहाटे निघतात. टँकर दुपारी येतो. टँकर आला, की सारे पाण्याकडे धावतात. टँकर गेला, की पाण्याचा विषय संपतो. म्हैसाळचे पाणी तलावात आले, तर त्या पाण्यावर बागा जगतील. पाण्याने माणसे गावात राहतील.'

हा उतारा पाण्याविषयी आहे, हे कोणीही सांगेल. पाण्याचा उल्लेख त्यात सात वेळा येतो. परंतु पदांची नुसती मोजणी केली, तर 'टँकर' तीन वेळा, 'पाणी' दोन वेळा, 'गावात' दोन वेळा, आणि 'पाण्यासाठी', 'पाण्याकडे', 'पाण्याचा', 'पाण्यावर', 'पाण्याने' ही पदे प्रत्येकी एकदा, असा हिशेब येतो. चित्रात सर्वांत मोठा शब्द 'टँकर' होईल. पाण्यासाठी बोलणाऱ्या गावाचे गाऱ्हाणे टँकरचे आहे, असा निष्कर्ष त्यावरून निघेल.

यावर उपाय म्हणून प्रत्यय छाटून टाकण्याची युक्ती सुचविली जाते. ती येथे लावून पाहिली, तर 'पाण्या' पाच वेळा, 'टँकर' तीन वेळा आणि 'पाणी' दोन वेळा, असा निकाल लागतो. आता चित्राच्या मध्यभागी 'पाण्या' हे रूप झळकेल. हे सामान्यरूप एकटे असे कोणी मराठी माणूस उच्चारीत नाही. येथे आणखी एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. 'टँकरचा', 'टँकरने' अशा रूपांत परभाषेतून आलेल्या नामाचे मूळ रूप बहुधा जसेच्या तसे राहते. 'पाणी', 'तळे', 'विहीर' यांसारख्या नामांचे मात्र सामान्यरूपात रूपांतर होते. म्हणजे प्रत्यय छाटण्याची ढोबळ रीत परकीय शब्दांना अनुकूल आणि घरच्या शब्दांना प्रतिकूल ठरते. अशा शब्दमेघावरून 'मराठीत इंग्रजी शब्दांचे प्रमाण किती वाढले' असे अनुमान कोणी काढू लागले, तर ते अनुमान भाषेविषयी नसून छाटणीच्या रीतीविषयी असेल.

'पाणी' आणि 'पाण्या-' ही एकाच प्रकृतीची रूपे आहेत, हे ओळखून मोजले, तरच पाणी सात, टँकर तीन आणि गाव दोन हा खरा हिशेब हाती येतो. त्यासाठी व्याकरणाचा निर्णय घ्यावा लागतो. मोकळी जागा तो घेऊन देत नाही. या बाबतीत प्राचीनांची दृष्टी अधिक सावध होती. ऋग्वेदाच्या पदपाठात संहितेची पदे तर तोडलेली आहेतच, शिवाय 'भिस्', 'सु' यांसारखे काही प्रत्यय अवग्रहाने वेगळे करून दाखविलेले आहेत. पद कोठे संपते आणि प्रकृती कोठे संपते, हे दोन वेगळे प्रश्न आहेत, याची जाणीव त्यामागे दिसते.

२

व्याकरणाच्या आधीही लिपीचा एक अडथळा असतो. युनिकोड या संकेतव्यवस्थेत देवनागरीच्या काना, वेलांटी, अनुस्वार इत्यादी चिन्हांना व्यंजनांहून वेगळा वर्ग दिलेला आहे. शब्दमेघासाठी पायथन भाषेतील जे साधन फार वापरले जाते, त्याचा मूळचा नियम या चिन्हांना शब्दाचे घटक मानीत नाही. तो त्यांच्यापाशी शब्द तोडतो. त्यामुळे 'पाणी' या शब्दाचे 'प' आणि 'ण' असे तुकडे उरतात, आणि एकाक्षरी तुकडे गाळण्याची सूचना दिलेली असेल तर तेही नाहीसे होतात. 'टँकर' मधून 'कर' शिल्लक राहतो. ग्रामपंचायतीविषयीच्या मजकुराच्या चित्रात हा 'कर' मोठा दिसला, तर वाचक तो करवसुलीचा समजेल. देवनागरीची संपूर्ण चिन्हमाला शब्दात धरावी, असा नियम साधनाला स्पष्टपणे सांगितला, की हा दोष दूर होतो. पण तो आहे हे आधी ठाऊक असावे लागते.

दोष पुष्कळदा छपाईतही शिरतो. साधनाच्या मूळच्या टंकात देवनागरी नसेल, तर अक्षरांऐवजी रिकामे चौकोन दिसतात. टंक आहे, पण जोडाक्षरे घडविणारी व्यवस्था नाही, अशा वेळी 'म्हैसाळ' मधला 'म' पाय मोडून वेगळा उभा राहतो आणि ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाते. हा दोष निदान डोळ्यांना दिसतो. डोळ्यांना न दिसणारा दोष अधिक फसवा असतो. 'साताऱ्यात' या शब्दातील अर्धा र संगणकात दोन प्रकारे नोंदविता येतो. दोन्ही प्रकार कागदावर सारखेच दिसतात, परंतु यंत्र त्यांना दोन शब्द मानते. लेखननियमांतील बदलाचेही असेच आहे. १९६२ च्या नियमांनी अनुच्चारित अनुस्वार गेले. म्हणून त्यापूर्वीच्या आणि नंतरच्या मजकुराचा एकत्र शब्दमेघ केला, तर 'गांव' आणि 'गाव' ही दोन निराळी गावे होतात.

स्थलनामांचा प्रश्न तर कवठे महांकाळच्या नावातच आहे. हे नाव तोडून लिहितात, जोडून 'कवठेमहांकाळ' असेही लिहितात, आणि 'महंकाळ' असा पाठही आढळतो. तोडून लिहिले, तर यंत्र त्याचे दोन शब्द करते. सांगली जिल्ह्यात तासगाव तालुक्यातील कवठे एकंद आणि मिरज तालुक्यातील कवठे पिरान ही गावेही आहेत. जिल्ह्याच्या एखाद्या अहवालाचा शब्दमेघ केला, तर या तिहींतून एक ठसठशीत 'कवठे' तयार होईल, आणि त्या नुसत्या नावावरून तिहींपैकी कोणते गाव समजावे हे कळणार नाही. तालुक्यातून वाहणाऱ्या अग्रणी नदीचीही तीच गत. 'अग्रणी नदी' आणि 'अग्रणी बँक' यांतील नाम व विशेषण एकाच आकृतीत मिसळून जातात, आणि नदीचा आकार बँकेच्या कामकाजाने वाढतो.

३

आता दुसरे गृहीत. वारंवार येणारा शब्द महत्त्वाचा असतो, हे म्हणणे अर्धेच खरे आहे. एच. पी. लून याने १९५८ मध्ये लेखांचे सारांश यंत्राकडून करविण्याची पद्धत मांडली, तेव्हाच त्याने अतिशय वारंवार येणारे शब्द निरुपयोगी म्हणून बाजूला ठेवले होते. 'आणि', 'आहे', 'हा', 'की' हे शब्द कोणत्याही मराठी मजकुरात विपुल असतात. म्हणून ते वगळण्याची एक यादी साधनाला पुरविली जाते. अशा यादीत 'नाही', 'नको', 'तर', 'पण' हेही शब्द सहजपणे जाऊन बसतात, आणि खरा अनर्थ तेथे होतो.

वर रचलेल्या उताऱ्याचे पहिले वाक्य अभाव सांगते. शेवटून दुसरे वाक्य संकेतार्थी आहे. त्यातील पाणी अजून आलेले नाही. 'नाही' आणि 'तर' वगळले, की उरलेल्या शब्दमेघात पाणी, गाव, तलाव, बागा, म्हैसाळ हे शब्द एकमेकांशेजारी नांदू लागतात. ज्या गावाला योजनेचे पाणी मिळाले आणि ज्याला ते मिळाले नाही, अशा दोन गावांच्या म्हणण्याचे शब्दमेघ अगदी सारखे निघू शकतात. प्रकृती ओळखून, लिपी सांभाळून, मोजणी निर्दोष केली, तरी हे साम्य जात नाही. उलट ते अधिकच पूर्ण होते. 'पाणी आले' आणि 'पाणी आले नाही' यांतील भेद शब्दांच्या संख्येत नसतो, तो वाक्यात असतो.

भर्तृहरीने 'वाक्यपदीया'त वाक्य हेच अर्थाचे अखंड एकक मानले, आणि पदे ही त्यातून विश्लेषणासाठी बुद्धीने काढलेली, अपोद्धाराने प्राप्त झालेली, असे प्रतिपादन केले. हा सिद्धान्त संपूर्णपणे मान्य करावा की नाही, याविषयी मतभेद असू शकेल. पण शब्दमेघाच्या बाबतीत तो नेमका लागू पडतो. शब्दमेघ हा अपोद्धारच आहे. मात्र पद वेगळे काढल्यावर वाक्याकडे परतण्याची वाट त्यात ठेवलेली नसते. विसाव्या शतकात जे. आर. फर्थ याने शब्दाचा अर्थ त्याच्या साहचर्यात शोधावा असे सांगितले. शब्दमेघात दोन शब्द शेजारी येतात ते जागेच्या सोयीने. तेथील साहचर्य हे मजकुरातील साहचर्य नव्हे. रंगांनाही बहुधा काही अर्थ नसतो. शिवाय समान उंचीच्या अक्षरांत 'विद्यार्थ्यांसाठी' हे पद 'पाणी' या पदापेक्षा कितीतरी अधिक जागा व्यापते, आणि डोळा जागेला वजन देतो. प्रत्यय चिकटून लांबलेली मराठी पदे त्यामुळे अकारण भारदस्त दिसतात. जेकब हॅरिस या पत्रकाराने २०११ मध्ये शब्दमेघांवर जी कठोर टीका केली, तिचा मुख्य रोख असाच होता : हे चित्र विश्लेषणाचा आभास निर्माण करते, आणि मजकुराला संदर्भापासून तोडून अर्थ लावण्याचे काम वाचकावर टाकते.

४

एवढ्यावरून शब्दमेघ वर्ज्य ठरवावा, असे मात्र नाही. त्याचे दोष हेच त्याचे अध्यापनातील मूल्य आहे. तयार चित्र दाखविण्याऐवजी विद्यार्थ्यांनी एका लहान उताऱ्याची मोजणी हाताने तीनदा करावी : प्रथम पदांची, नंतर प्रत्यय छाटून, आणि शेवटी प्रकृती ओळखून. तिन्हींचे शब्दमेघ शेजारी ठेवले, की सामान्यरूप ही संकल्पना व्याख्येवाचून समजते. 'पाण्यात' हा एक शब्द की दोन, या प्रश्नावर वर्गात जो वाद होईल, तोच मराठीच्या पदविचाराचा पहिला धडा होय. त्यानंतर प्रत्येक मोठ्या शब्दासाठी तो ज्या ज्या वाक्यात आला ती वाक्ये एकाखाली एक लिहून काढावीत. अशी संदर्भसूची हाती असली, म्हणजे शब्दमेघ अनुक्रमणिकेचे काम करू शकतो. तिच्यावाचून तो नुसते मुखपृष्ठ राहतो.

'मेंटीमीटर'सारख्या साधनाने वर्गातील उत्तरांचा शब्दमेघ तत्काळ पडद्यावर काढतात, तेथेही एक पथ्य पाळावे लागेल. उत्तर नामाच्या मूळ रूपात आणि एकाच शब्दात द्यावे, असे आधी सांगितले नाही, तर ऱ्हस्वदीर्घाच्या फरकानेही मते विभागली जातात. संकेतस्थळावर शब्दमेघ ठेवताना तो चित्ररूपाने असतो, हे विसरता कामा नये. पडदावाचक वापरणाऱ्या अंध वाचकाला त्यातला एकही शब्द ऐकू येत नाही. म्हणून चित्रासोबत शब्द आणि त्यांची संख्या यांची साधी यादी मजकुराच्या रूपात द्यावी, आणि कोणते शब्द वगळले व कोणती रूपे एकत्र धरली, हेही तेथेच नोंदवावे. ही नोंद नसलेला शब्दमेघ पुरावा म्हणून स्वीकारू नये.

भाषेच्या अभ्यासकांनी याविषयी आग्रही असण्याचे कारण विद्यापीठाच्या बाहेर आहे. ग्रामसभेतील सूचना, शेतकऱ्यांचे अर्ज, विद्यार्थ्यांचे अभिप्राय यांचा सारांश शब्दमेघाने करण्याचा मोह वाढणे साहजिक आहे, कारण शेकडो पाने वाचण्यापेक्षा एक चित्र पाहणे सोपे असते. परंतु ज्याला निर्णय घ्यावयाचा आहे, त्याच्यापुढे त्या पानांतील 'नाही' पोचला पाहिजे. तो पोचविण्याची शक्ती आज तरी वाक्यातच आहे.