गाईड कोण, हे कोण ठरवतं? सिंथिया नोव्हॅक यांचं ‘शेअरिंग द डान्स’ वाचताना

पेट झाली की आपला पहिला प्रश्न ठरलेला असतो: गाईड कोण मिळेल? नाशिकमधल्या कुठल्याही संशोधन केंद्राबाहेर, चहाच्या टपरीवर हीच चर्चा चालते. कोणाकडे जागा आहेत, कोणाची मान्यता आली, कोण विद्यार्थ्यांना तंगवतं. विषयाचं नंतर बघू! मीही यातूनच गेले. म्हणून आज एका अशा पुस्तकाबद्दल लिहितेय, ज्याचा माझ्या पदार्थविज्ञानाशी वरवर काही संबंध नाही. पण गाईडची मान्यता देणारी यंत्रणाच नसेल तर ज्ञान पुढे कसं जातं, हे मला त्यात पहिल्यांदा नीट दिसलं.

पुस्तक सिंथिया नोव्हॅक यांचं, १९९० मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या प्रकाशन विभागाने काढलेलं. विषय आहे ‘कॉन्टॅक्ट इम्प्रोव्हायझेशन’ नावाचा नाच. यात ठरलेल्या स्टेप्स नसतात, संगीत असलंच पाहिजे असंही नाही. दोन माणसं एकमेकांना टेकतात, वजन एकमेकांवर देतात, आणि जिथे स्पर्श होतोय तो बिंदू सरकत जाईल तशी लोळतात, तोलतात, पडतात. मल्लखांब करणारी मुलं तुम्ही पाहिली असतील. तिथे खांब हलत नाही. इथे खांबाच्या जागी दुसरा माणूस आहे, आणि तोही हलतोय.

सुरुवात झाली ती १९७२ च्या जानेवारीत, अमेरिकेतल्या ओबर्लिन कॉलेजात. स्टीव्ह पॅक्स्टन यांनी काही पुरुष विद्यार्थ्यांना कुस्तीच्या मॅटवर एकमेकांवर आदळायला, पडायला लावलं. त्या प्रयोगाचं नाव ‘मॅग्नेशियम’. पॅक्स्टन स्वतः जिम्नॅस्टिक्स केलेले, मर्स कनिंगहॅम यांच्या नृत्यसंस्थेत नाचलेले, आयकिडो शिकलेले. ते बघायला बसलेली एक विद्यार्थिनी होती नॅन्सी स्टार्क स्मिथ, तीही मूळची खेळाडू. पुढे बायकांना घेऊन असं काही करणार असाल तर मला सांगा, असं तिने त्यांना सांगून ठेवलं. त्याच वर्षी जूनमध्ये न्यूयॉर्कच्या जॉन वेबर गॅलरीत हा प्रकार ‘कॉन्टॅक्ट इम्प्रोव्हायझेशन्स’ या नावाने लोकांसमोर आला, आणि त्यात ती होती.

मग लोक येत गेले. कोणी नर्तक, कोणी खेळाडू, कोणी मार्शल आर्टवाले, कोणी नाटकातले, कोणी शरीरोपचार करणारे. काल शिकलेला माणूस आज दुसऱ्या गावात जाऊन शिकवतो, अशी परिस्थिती. हे धोक्याचंही होतं, कारण पडायचं कसं हे नीट न शिकता कोणी दुसऱ्याला खांद्यावर घेतलं तर हाडं मोडतात. म्हणून १९७५ मध्ये पॅक्स्टन आणि त्यांच्यासोबतच्यांनी या नावाचा ट्रेडमार्क घ्यायचा विचार केला. म्हणजे शिकवायचं तर आमची परवानगी लागेल. आणि मग तो विचार सोडून दिला. त्याऐवजी त्यांनी एक पत्रिका सुरू केली, ‘कॉन्टॅक्ट न्यूजलेटर’. तीच पुढे ‘कॉन्टॅक्ट क्वार्टर्ली’ झाली, आणि स्टार्क स्मिथ यांनी लिसा नेल्सन यांच्यासोबत ती अनेक वर्षं चालवली.

इथे जरा थांबा. परवाना द्यायचा की लिहायला जागा द्यायची, यातलं दुसरं त्यांनी निवडलं. तुम्ही काय करता, काय चुकलं, कोणाला लागलं, हे लिहून पाठवा. बाकीचे वाचतील आणि ठरवतील. आपल्याकडे जर्नल म्हणजे पॉइंट्स मिळवायची जागा झालीय, त्यामुळे जर्नल मुळात कशासाठी असतं हे मला एका नाचाच्या पत्रिकेवरून कळावं याची थोडी लाज वाटली.

नोव्हॅक इथे भारावून जात नाहीत, हे या पुस्तकाचं बळ. त्या स्वतः नर्तिका आणि मानववंशशास्त्रज्ञ. त्या या लोकांबरोबर नाचल्या, मुलाखती घेतल्या, व्हिडिओ पुन्हा पुन्हा पाहून कोणत्या वर्षी शरीरं कशी हलत होती याची तुलना केली. ‘आमच्यात कोणी प्रमुख नाही’ असं सगळे म्हणत असताना सगळ्यांची नजर पॅक्स्टन यांच्याकडे कशी जाते, आणि पॅक्स्टन ती टाळायला बघतात त्यानेच त्यांचं वजन कसं वाढतं, हे त्या दाखवतात. क्षेत्रकार्य करणार असाल तर हे शिकून घ्या: लोक स्वतःबद्दल जे सांगतात ते खोटं नसतं, पण तेवढ्यावर निष्कर्ष काढायचा नसतो.

आता माझी तक्रार. विज्ञानाच्या विद्यार्थिनीला या नाचाचा मोह कुठे पडतो, तर गुरुत्वाकर्षण सगळ्यांना सारखंच खेचतं. वस्तुमान, घर्षण, तोल; बाई कोण, पुरुष कोण, त्याने काय फरक पडतो? या नाचातले लोकही असंच काहीसं मानत होते. नोव्हॅक त्याला प्रश्न विचारतात, ही माणसं बहुतेक गोरी, शिकलेली, मध्यमवर्गीय आहेत हेही सांगतात. पण सांगून पुढे जातात. स्पर्श ही मुळात मोकळं करणारी गोष्ट आहे, हे गृहीतक पुस्तकाच्या तळाशी तसंच राहतं.

ते नाशिकमध्ये बसून वाचताना खटकतं. २ मार्च १९३० ला इथे काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. कोणाच्या स्पर्शाने काय विटाळतं, या समजुतीविरुद्धचा तो लढा होता आणि तो काही वर्षं चालला. त्या दरवाजापासून माझी खोली चालत पंधरा मिनिटांवर आहे. ‘दोन शरीरं भेटली’ हे वाक्य मला इथे नुसतं भौतिकशास्त्राचं म्हणून वाचताच येत नाही. एकदा मी अशाच एका कार्यशाळेला गेले होते. शिकवणारे म्हणाले, कोणाबरोबरही जोडी करा. दोन मिनिटांत मुली मुलींबरोबर आणि मुलं मुलांबरोबर, नियम कोणीच सांगितला नव्हता. शिवाय आडनावं विचारून झाली होती, ती चहाच्या वेळी. भारतात हा नाच करायचा तर लोक हिवाळ्यात गोव्याला हरमलला जातात. तिथे पोचायला हातात पैसे आणि सुट्टी लागते, म्हणजे निवड मॅटवर उतरण्याआधीच झालेली.

अमेरिकेतही हे कोणाला दिसलं नव्हतं असं नाही. १९८३ मध्ये इश्माएल ह्यूस्टन-जोन्स आणि फ्रेड हॉलंड या दोन कृष्णवर्णीय नर्तकांनी मुद्दाम सगळं ‘चुकीचं’ करून एक युगुलनृत्य सादर केलं. रोजचे कपडे, जड बूट, नाचताना बोलणं. ज्या प्रकारात नियमच नाहीत असं म्हणतात, त्यात चुकीचं करता आलं म्हणजे नियम होतेच ना! पत्रिका सगळ्यांसाठी खुली होती, पण मॅटवर कसं दिसायचं, कसं वागायचं हे न लिहिता ठरलेलं होतं.

माझ्या प्रवेशाच्या मुलाखतीत एका सदस्यांनी विचारलं होतं, ‘फिजिक्सवाल्यांनी नाचाची पुस्तकं कशाला वाचायची?’ तेव्हा मी गप्प बसले. आज म्हणेन, सर, संपर्कबलाच्या आकृतीत शरीराला नाव नसतं, आणि ते कधी खोडायचं आणि कधी लिहायचं हे मला शिकायचंय. (तेव्हा हे सुचलं असतं तर कदाचित प्रवेशच मिळाला नसता.)

वाचायचं असेल तर नोव्हॅक यांच्यासोबत गोपाळ गुरू आणि सुंदर सरुक्कई यांचं ‘द क्रॅक्ड मिरर’ (२०१२) ठेवा. अनुभव ज्याचा त्यानेच सिद्धांत मांडायचा का, यावर दोघे वाद घालतात, आणि अस्पृश्यतेचा विचार करताना स्पर्शापासूनच सुरुवात करतात. सरुक्कई मूळचे पदार्थविज्ञानाचे, हे आपल्या माहितीसाठी. पण त्याआधी ‘फॉल आफ्टर न्यूटन’ ही १९८७ ची छोटी फिल्म बघा. स्टार्क स्मिथ यांच्या अकरा वर्षांच्या नाचाची चित्रणं त्यात आहेत आणि निवेदन पॅक्स्टन यांचं. दोनदा बघा. पहिल्यांदा पडणाऱ्याकडे लक्ष ठेवून, दुसऱ्यांदा खाली ज्याच्या पाठीवर ती पडतेय त्याच्याकडे.