काफ्काचा पक्षी आणि आपले वाघमारे

काफ्का वाचायला घेतला की कोणीतरी सांगतंच, चेक भाषेत 'काव्का' म्हणजे कावळ्याच्या कुळातला एक लहान पक्षी, मानेवर राखाडी झाक असलेला. त्यावरून हे आडनाव. मग पुढची उडी ठरलेली: पक्षी काळा, अशुभ, म्हणून लेखकही तसाच. ही समीक्षा नाही, नावावरून रास काढणं आहे.

कारण हाच पक्षी काफ्काच्या वडिलांच्या प्रागमधल्या दुकानाचं चिन्ह होता. व्यवहाराच्या कागदांवर तो छापलेला असे. बापासाठी तो धंद्याचा शिक्का. मुलाने १९१७ च्या सुमारास एक गोष्ट लिहिली. तिच्यातला शिकारी मेलेला आहे, पण त्याला मरण पूर्ण लाभलेलं नाही. त्याचं नाव ग्राखुस, आणि लॅटिनमध्ये 'ग्राकुलुस' म्हणजे हाच पक्षी. एकाच घरात एका पक्ष्याचे दोन अर्थ झाले. त्याच्याही आधीची गोष्ट सरकारी आहे: हाब्सबुर्ग राज्याने १७८७ मध्ये ज्यूंना कायमची आडनावं घ्यायला लावली. आडनावाचा अर्थ शब्दकोशात कमी आणि ते कोण, कशासाठी वापरतं यात जास्त असतो.

आपल्याकडे कावळे आहेत, लांडगे आहेत, कोल्हे आहेत. वर्गात हजेरी घेताना पहिल्या दिवशी हसू येतं, दुसऱ्या दिवशी प्राणी ऐकूच येत नाही. जात मात्र ऐकू येते, किंवा ऐकणारा ती शोधत राहतो. 'वाघमारे' घ्या. हे आडनाव अनेक जातींत आहे, त्यामुळे 'पूर्ण नाव?' विचारणाऱ्याचं समाधान होत नाही, पुढे 'गाव कोणतं' येतं. बाबूराव बागूलांच्या १९६३ च्या कथासंग्रहाचं नावच 'जेव्हा मी जात चोरली होती'. परगावी डोक्यावर छप्पर मिळावं म्हणून जात लपवणाऱ्या माणसाला आडनावाच्या पराक्रमी व्युत्पत्तीचा काय उपयोग? आडनावांचे 'गौरवशाली इतिहास' सांगणारी रील्स हा प्रश्न टाळतात, म्हणून मला ती पोकळ वाटतात.

आणि वाघ मारणं तरी आता कुठे नाव कमावण्याची गोष्ट राहिली? २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री यवतमाळ जिल्ह्यातल्या राळेगाव भागात अवनी वाघिणीला गोळी घातली गेली. तेरा माणसांच्या मृत्यूचा ठपका तिच्यावर होता. तरी गोळी घालणाऱ्यांना बिरुद मिळालं नाही, वाद न्यायालयात गेला. ज्या गावांत माणसं मेली होती तिथली सुटका आणि शहरातला संताप, दोन्ही खरे होते. 'वाघमारे' हा शब्द आज नव्याने घडलाच नसता.

याच जिल्ह्यात नावाची दुसरी रीत आहे, आणि मला ती जास्त वाचनीय वाटते. गोंडीत 'टेका' म्हणजे साग, त्यावरून टेकाम. 'मरका' म्हणजे आंबा, त्यावरून मरकाम. नेताम कुळाचं नातं कुत्र्याशी असल्याची नोंद रसेल आणि हिरालाल यांच्या १९१६ च्या ग्रंथात आहे. इथे प्राणी किंवा झाड हे मारल्याचं पदक नाही. ते नातेवाईक आहेत, आणि काही कुळांत त्यांना इजा करायची नाही असा दंडक असतो. सोयरीक जुळवतानाही आडनाव विचारतात, पण कुळाचे देव किती, चार, पाच, सहा की सात, हे कळावं म्हणून. देव सारखे निघाले तर ती माणसं भाऊबंद, आणि लग्नाची बोलणी तिथेच थांबतात.