‘द लॉस्ट वर्ल्ड’ : शोध आणि शोधकाची दृष्टी

सर आर्थर कॉनन डॉयल यांची ‘द लॉस्ट वर्ल्ड’ ही कादंबरी १९१२ मध्ये ‘स्ट्रँड मॅगझीन’मधून क्रमशः प्रसिद्ध झाली. नामशेष झालेले प्राणी एखाद्या दुर्गम पठारावर अद्याप जिवंत असावेत, या कल्पनेला तिने लोकप्रियता मिळवून दिली. तिची चर्चा बहुधा डायनासोरांच्या अनुषंगाने होते. प्रस्तुत लेखात ‘शोध नेमका कोणाचा?’ या प्रश्नाच्या अनुषंगाने तिचा विचार केला आहे.

कथानक दोन रेखाटनांवर उभे आहे. पहिले मृत चित्रकार मेपल व्हाइट याच्या वहीतील अज्ञात प्राण्याचे. प्रा. चॅलेंजर यांना दक्षिण अमेरिकेतील त्या पठाराची दिशा यातून मिळते. दुसरे रेखाटन सहसा लक्षात राहत नाही. पठारावर अडकलेल्या चौघांना तेथील जमातीचा तरुण प्रमुख झाडाच्या सालीवर कोळशाने काढलेला गुहांचा नकाशा गुपचूप देतो आणि त्यामुळेच त्यांची सुटका होते. आत नेणारे चित्र पाहुण्याचे, बाहेर काढणारे चित्र स्थानिकाचे! तथापि लंडनच्या क्वीन्स हॉलमधील जयजयकार केवळ त्या चौघांच्या वाट्याला येतो. वानरमानवांचा संहार चॅलेंजर यांना मानवजातीचा विजय वाटतो. निवेदक मॅलोनच्या मनात क्षणभर शंका येते, परंतु कथानक तिच्यापाशी थांबत नाही. साहसकथेची वसाहतवादी चौकट येथे उघडी पडते.

रत्नागिरीच्या वाचकाला हा प्रश्न परका नाही. उक्षी, कशेळी, देवाचे गोठणे, बारसू येथील जांभ्याच्या सड्यांवर कातळशिल्पे आहेत. कोकणातील या शिल्पांत हत्तींप्रमाणेच आज येथे न आढळणारा गेंडाही दिसतो. डॉयल यांच्या पठारावर प्राणी उरले. आपल्या सड्यावर त्यांची चित्रे उरली. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे प्रभृतींनी ही शिल्पे अभ्यासकांपुढे आणली ती गावोगावच्या लोकांना विचारत, त्यांच्याबरोबर सडे तुडवत. २०२२ मध्ये कोकणातील कातळशिल्पांचा युनेस्कोच्या संभाव्य वारसा यादीत समावेश झाला. मात्र गुरे राखणाऱ्यांच्या पायाखाली ती त्यापूर्वीही होतीच.

सारांश, कल्पनाशक्ती व कथनवेग या गुणांमुळे ही कादंबरी आजही वाचनीय आहे. परंतु ‘हरवलेले जग’ हे कोणाच्या दृष्टीने हरवलेले, हा प्रश्न तिने अनुत्तरित ठेवला. सड्यावरील वारशाच्या नोंदी करताना वाट दाखवणाऱ्याचे नाव प्रथम लिहिणे, हे त्या प्रश्नाचे आपल्या हाती असलेले उत्तर होय.