मुठीतील वस्त्र : संगणकनिर्मित चित्रपटांतील वस्त्रचित्रणाचा एक चिकित्सक विचार

संगणकीय वस्त्रचित्रणाची चर्चा बहुधा वाऱ्यावर फडफडणारा ध्वज, टेबलावरून ओघळणारा रुमाल आणि गिरकी घेणाऱ्या पात्राचा घेरदार झगा यांच्याभोवती फिरते. ही उदाहरणे सोयीची आहेत. त्यांत गुरुत्वाकर्षण असते, वारा असतो. कापड धरणारा हात मात्र नसतो. वस्त्र चिमटीत धरले वा मुठीत आवळून उचलले जाते, तेव्हाच त्याच्या चित्रणाची खरी परीक्षा होते. या दृष्टीने पिक्सारच्या आरंभीच्या कामाकडे पाहणे उद्बोधक ठरते.

यान पिन्काव्हा दिग्दर्शित ‘जेरीज गेम’ (1997) या लघुपटातील वृद्ध नायक स्वतःशीच बुद्धिबळ खेळतो आणि हरण्याची वेळ येताच हृदयविकाराच्या झटक्याचे सोंग करीत छातीशी हात नेतो. त्या क्षणी अंगातील जाकीट एकाच वेळी दोन गोष्टींच्या मध्ये येते : छाती आणि तळहात. पुढच्याच वर्षी डेव्हिड बॅराफ व अँड्र्यू विटकिन यांचा वस्त्रगतीवरील सुप्रसिद्ध शोधनिबंध आला. कापड ताणाला कडवा विरोध करते, दुमडायला मात्र सहज तयार होते. या स्वभावामुळे गणित वारंवार कोसळत असे. काळाचे मोठे टप्पे घेऊनही ते स्थिर ठेवण्याची रीत या दोघांनी दाखविली. पकडीचा प्रश्न मात्र तेवढ्याने सुटणारा नव्हता.

‘मॉन्स्टर्स, इंक.’ (2001) मध्ये तो टाळताच येईना. सैल, घोळदार सदरा घातलेली चिमुकली बू आणि तिला उचलून घेणारा अवाढव्य सली हाच चित्रपटाचा भावनिक गाभा आहे. बॅराफ, विटकिन आणि मायकेल कास यांच्या 2003 च्या शोधनिबंधात या अडचणीचे मूळ नेमके सांगितले आहे. अ‍ॅनिमेशनमधील शरीरे कोपरात, काखेत, हात अंगाला टेकतो तेथे एकमेकांत घुसतात. अशा ठिकाणी सापडलेल्या कापडाला राहण्यासाठी जागाच उरत नाही. पूर्वीच्या पद्धती कापडाची कोणती बाजू कोठे होती हे लक्षात ठेवीत. त्या स्मरणात एक चूक झाली की हात दूर झाल्यावरही गुंता तसाच राही. या तिघांनी स्मरणच सोडून दिले. प्रत्येक टप्प्यावर संपूर्ण जाळी तपासून कापडाचे कोणते भाग परस्परांत शिरले आहेत ते शोधायचे आणि अवकाश मिळताच ते सोडवायचे, अशी ही युक्ती होय.

तथापि याच निबंधातील दुसरी युक्ती समीक्षेच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची आहे. माश्या चिकटण्याच्या कागदावरून तिचे नाव पडले आहे. दोन पृष्ठभागांत चिमटलेले कापड थरथरू नये म्हणून ते त्या पृष्ठभागांनाच जणू चिकटविले जाते. म्हणजे पकड जेथे सर्वांत घट्ट, तेथे कापडाला स्वतःची हालचालच उरत नाही. आजूबाजूच्या चुण्या पाहून प्रेक्षक पकडीवर विश्वास ठेवतो. ही फसवणूक नव्हे. पण यास वास्तवदर्शन म्हणताना थोडे थांबावयास हवे.

त्याहून मोठी उणीव हाताच्या बाजूने आहे. हाताची हालचाल अ‍ॅनिमेटर आधीच निश्चित करतो. कापडाचे गणित त्यानंतर होते. परिणामी हात कापडाला ओढतो, कापड हाताला कधीच ओढत नाही. ओल्या घोंगडीचे वजन बोटांना जाणवावे अशी सोयच या क्रमात नाही. मनगट किंचित लवविणे हे कलावंतानेच आधी ओळखून करावयाचे असते. हाताने रेखाटलेल्या चित्रपटात मूठ आणि पदर बहुधा एकाच पेन्सिलीतून उतरत, म्हणून त्यांचा मेळ वेगळा साधावा लागत नसे. संगणकाने ही दोन कामे निरनिराळ्या विभागांत वाटली, याची नोंद तंत्राचा गौरव करणाऱ्या लेखनात क्वचितच आढळते. 2006 साली या तिघांना अकादमीचा वैज्ञानिक व तांत्रिक पुरस्कार मिळाला, तो सर्वथा योग्यच होता. प्रश्न त्यांच्या कर्तृत्वाचा नसून ‘हुबेहूब’ हे विशेषण सैलपणे वापरणाऱ्यांचा आहे.

मूठ सुटल्यानंतरचा क्षण तर आणखी अवघड. लहान मुलाने आवळलेला सुती पदर सोडविला तरी मुठीच्या चुण्या त्यावर बराच वेळ राहतात. 1998 च्या प्रतिमानातील कापड मुख्यतः लवचीक आहे; सोडले की ते पूर्ववत होऊ पाहते. कापडाच्या धाग्यांमधील अंतर्गत घर्षण मोजून ते गणितात आणण्याचा लक्षणीय प्रयत्न एदेर मिगेल आणि सहकाऱ्यांनी 2013 मध्ये केला, तेव्हा चुणीला आपली जागा धरून ठेवता येऊ लागली. त्यांची मोजमापे यंत्राने ताणलेल्या व वाकविलेल्या नमुन्यांची आहेत. घामेजल्या, घाबरलेल्या मुठीने चुरगाळलेला सदरा त्यांत नाही.