८५ की १३५? चेहरा, अंतर आणि पुसलेली पार्श्वभूमी

आजचा विषय वरवर पाहता खरेदीचा वाटेल. पोर्ट्रेटसाठी मोठ्या अ‍ॅपर्चरची टेलिफोटो प्राइम लेन्स घ्यायची, तर कोणती? ८५ मिमी, १०५, १३५ की थेट २००? एफ १.४ की एफ १.८? धाराशिव, तुळजापूर, कळंब, उमरगा, कुठंही फोटो काढणारी चार पोरं जमली की हा वाद रंगतो. आपण आज तो दुसऱ्या टोकाकडून धरू. आधी फोटो बघू, मग लेन्सकडे येऊ.

दर नवरात्रात तुळजापुरातून एक फोटो येतो. तो आपण सगळ्यांनी पाहिलाय. आराधी बाई, मळवट भरलेलं कपाळ, एक डोळा अगदी धारदार आणि मागे सोनेरी ठिपक्यांची रांगोळी. पहिल्या नजरेला सुंदर दिसतो. आता दुसऱ्यांदा बघा. गळ्यातली कवड्यांची माळ धूसर झालीय. हातातली परडी विरघळून गेलीय. मागे पायऱ्या आहेत, कुंकवाची दुकानं आहेत की एसटी स्टँड, काही कळत नाही. खालची ओळ झाकली, तर हा फोटो तुळजापूरचा आहे हे कुणी सांगू शकणार नाही. माळ आणि परडी यांच्यामुळे ती बाई आराधी म्हणून ओळखू येते. नेमकं तेच आपण पुसलं, आणि त्यासाठी वर पैसेही मोजले.

हे का होतं, त्याचा हिशोब साधा आहे. फुल फ्रेम कॅमेरा उभा धरून चौकटीत डोक्यापासून छातीपर्यंत, म्हणजे साधारण ६० सेंमी उंचीचा भाग घेतला, तर एफ १.४ ला जवळपास अडीच सेंमी खोलीचाच पट्टा स्पष्ट येतो. एफ १.८ ला तीन सेंमीच्या थोडं वर. आता डोळ्यापासून कानापर्यंतचं अंतरच दहा सेंमीच्या आसपास असतं. छातीवरची माळ, पुढे धरलेली परडी यांचा तर प्रश्नच नाही. एफ ५.६ ला हाच पट्टा दहा सेंमीपर्यंत जातो. गंमत अशी, की चौकट तेवढीच ठेवली तर ८५ घ्या नाहीतर १३५, त्याच अ‍ॅपर्चरला हा पट्टा जवळपास तेवढाच राहतो. म्हणजे चेहऱ्यावर काय स्पष्ट येणार हे लेन्सच्या लांबीपेक्षा अ‍ॅपर्चरच्या आकड्यावर ठरतं.

मग लांबीने काय बदलतं? मागचं चित्र बदलतं. लेन्सची लांबी भागिले एफचा आकडा, एवढं गणित करा. ८५ ला १.८ ने भागलं की ४७ मिमी. १३५ ला १.८ ने भागलं की ७५ मिमी. फार लांबची पार्श्वभूमी याच प्रमाणात विरघळते, म्हणजे १३५ वर दीडपटीहून जास्त. पण पाठीमागे मीटरभरावर भिंत असेल, तर दोन्हींतला फरक फार थोडा उरतो. आपल्याकडच्या वाड्यात, ओसरीवर, गल्लीत पाठीमागे बहुतेक वेळा भिंतच असते. तिथं १३५ साठी मोजलेले जास्तीचे पैसे फोटोत दिसतच नाहीत.

आता एक समज बाजूला ठेवू. ‘लांब लेन्स चेहरा चपटा करते’ असं सर्रास म्हटलं जातं. चेहऱ्याची ठेवण अंतरामुळे बदलते, लेन्समुळे नाही. मघाच्याच चौकटीसाठी ८५ घेऊन तुम्ही सुमारे दीड मीटरवर उभे राहता, १३५ घेऊन सुमारे २.४ मीटरवर, २०० घेऊन साडेतीन मीटरवर. नाक-कानाच्या प्रमाणात यानं फरक पडतो, पण थोडा. मोठा फरक पडतो तो संबंधात.

दीड मीटर म्हणजे ओसरीवर दोघं बसून बोलतात तेवढं अंतर. तिथून न विचारता फोटो काढताच येत नाही. ‘मावशी, फोटो काढू का? कुठल्या गावच्या तुम्ही?’ हे तोंडून निघतंच. साडेतीन मीटरवरून, गर्दीच्या आडून, कुणालाही न कळता चेहरा उचलता येतो. लांब लेन्सच्या कौतुकात ‘माणूस सहज सापडतो’ हे वाक्य नेहमी येतं. सापडतो हा शब्द आम्हाला खटकतो. देवीच्या दारी जोगवा मागायला आलेली बाई काही सापडायला आलेली नसते.

जगातलं एक प्रसिद्ध उदाहरण घेऊ. स्टीव्ह मॅकरी यांनी १९८४ साली पेशावरजवळच्या निर्वासितांच्या छावणीत एका अफगाण मुलीचा फोटो काढला. लेन्स होती निकॉनची १०५ मिमी एफ २.५. १९८५ मध्ये तो नॅशनल जिऑग्राफिकच्या मुखपृष्ठावर आला आणि जगभर गाजला. त्या मुलीचं नाव शरबत गुला, हे मात्र जगाला २००२ साली कळलं. डोळ्यांचा रंग सगळ्यांना पाठ, नाव कुणालाच माहीत नाही, अशी सतरा वर्षं गेली. यात लेन्सचा दोष काढता येणार नाही. पण पोर्ट्रेटची समीक्षा करताना काठ किती धारदार आणि बोके किती गोल एवढंच मोजलं, तर हा प्रश्न कुणी विचारणारच नाही.

आता आपल्या जिल्ह्याचा उजेड आणि आपल्या जागा धरून बोलू.

येरमाळ्याची येडेश्वरीची यात्रा चैत्रात असते. भर दुपारचं ऊन, आयएसओ १००. अशा उन्हात एफ १.४ वर योग्य एक्स्पोजरसाठी शटर सेकंदाच्या सुमारे १२,८०० व्या भागावर न्यावं लागतं. बऱ्याच कॅमेऱ्यांचं यांत्रिक शटर ४,००० किंवा ८,००० लाच थांबतं. म्हणजे ज्या १.४ साठी कर्ज काढलं, ते दुपारी काळी एनडी काच लावल्याशिवाय वापरताच येत नाही.

रात्री तरी फायदा होतो का? पोताच्या उजेडात गोंधळ्याचा चेहरा टिपायचाय. एफ १.४ आणि एफ १.८ यांत फरक दोन तृतीयांश स्टॉपचा. तिकडे हातात धरून काढायचं तर ८५ ला साधारण ८५ वा भाग चालतो, १३५ ला १३५ वा लागतो. हा फरकही दोन तृतीयांश स्टॉपचाच! स्टॅबिलायझेशन नसेल, तर स्वस्तातली ८५ एफ १.८ आणि महागडी १३५ एफ १.८ यांत अंधारात ८५ च पुढे राहते.

मंगल कार्यालयात चला. नवरा-नवरीचा पूर्ण उभा फोटो, वर-खाली थोडी जागा सोडून. ८५ ला सुमारे पावणेपाच मीटर मागं जावं लागतं, १३५ ला साडेसात मीटर, २०० ला अकरा मीटरच्या वर. आपल्या कार्यालयात साडेसात मीटरवर जेवणाची पंगत बसलेली असते.

आणि नळदुर्ग. प्री-वेडिंगसाठी मंडळी किल्ल्यात जातात. बोरी नदी, पाणीमहाल, पावसाळ्यात वरून कोसळणारं पाणी. आणि फोटो काढतात एफ १.४ वर! मागं हिरवट-करडा धूर. अहो, एवढंच हवं होतं तर घरामागच्या लिंबाखाली उभं राहिलं असतं तरी भागलं असतं. जुन्या स्टुडिओतला रंगवलेला पडदा आपण हसण्यावारी नेतो. पण त्या पडद्यावर कारंजं असायचं, महाल असायचा. तो खोटा असला तरी कुणीतरी निवडलेला होता. आजचा धूर कुणी निवडत नाही, तो आपोआप येतो.

मग १३५ टाकाऊ आहे का? मुळीच नाही. तिचा खरा गुण ब्लरमध्ये नाही, अरुंद नजरेत आहे. मागं फ्लेक्स, विजेच्या तारा, प्लॅस्टिकच्या खुर्च्या असतील, तर पाऊलभर बाजूला सरकलं की १३५ मध्ये ते चौकटीबाहेर जातं आणि तेही एफ ४ वर, माळ स्पष्ट ठेवून. कोजागरीला सोलापूरहून तुळजापूरकडे चालत येणारा लोंढा, अंगावर आसूड ओढणारा पोतराज, संबळाच्या तालावर रंगलेला गोंधळी, तिथं जवळ जाणं म्हणजे मध्ये येणं. तिथं १३५ च हवी. फक्त शक्य असेल तर आधी भेटून, बोलून घ्यावं.

तेव्हा आमचा कौल असा. पहिली लेन्स ८५ एफ १.८. निकॉनची ही लेन्स ३५० ग्रॅमची, सोनीची ३७१, दिवसभर गळ्यात राहिली तरी मान धरत नाही. सोनीची १३५ एफ १.८ साडेनऊशे ग्रॅमची आहे. कॅमेरा एपीएस-सी असेल, तर ५० एफ १.८ च तुमच्यासाठी ७५-८० सारखी काम करते, घाई करू नका. १.४ साठी जास्तीचे पैसे मोजण्याआधी आपले जुने फोटो उघडून बघा, दोन तृतीयांश स्टॉप कमी पडल्यामुळे किती फोटो वाया गेले. १३५ दुसरी घ्या, गर्दी आणि गोंधळाची कामं वाढली की. २०० एफ २ भाड्यानं आणून बघण्याची लेन्स आहे.

आणि या नवरात्रासाठी एक काम सांगतो. एकाच व्यक्तीचे, तिला विचारून, तीन फोटो काढा: एफ १.८, एफ ४ आणि एफ ५.६ वर. तिन्ही छापून तिलाच दाखवा आणि विचारा, यातला तुमचा कोणता? ती कुठला उचलते आणि का, हे लिहून ठेवा. तिच्या नावासकट.

आता तुमचे प्रश्न घेऊ.