दोषाचे गुण किती?

मराठीतला ‘गुण’ हा शब्द फार सोयीचा आहे आणि म्हणूनच फसवा आहे. माणसाच्या अंगचे गुण, औषधाचा आलेला गुण आणि गणिताच्या पेपरात पडलेले गुण, तिन्हींना आपण एकच शब्द वापरतो. इंग्रजीत यांना वेगवेगळे शब्द आहेत. आपल्याकडे मात्र सद्गुण मोजता येतो, त्याची बेरीज होते, ही समजूत भाषेतच मुरलेली आहे. पंचांगाच्या मागच्या पानांवरचं गुणमेलनाचं कोष्टक आठवा. आठ कूटं, एकूण ३६ गुण, १८ जुळले की पुढची बोलणी सुरू. त्यातले ८ एकट्या नाडीचे.

या कोष्टकावर आमचा विश्वास नाही, हे इथे येणाऱ्या नेहमीच्या मंडळींना ठाऊक आहे. पण त्यातली एक गंमत बघण्यासारखी आहे. हिशेब शुद्ध बेरजेचा असता, तर नाडीचे ८ गेले तरी बाकीच्या २८ वर लग्न जमायला हवं. तसं होत नाही. २८ जुळूनही ‘एकनाड आहे हो’ म्हणून स्थळ मोडलेलं आपण सगळ्यांनी पाहिलंय. उलट मुलाला मंगळ आणि मुलीलाही मंगळ असेल तर दोष उरतच नाही म्हणतात. म्हणजे बेरजेचं कोष्टक वापरणाऱ्यांनाही कुठेतरी कळत होतं, की काही दोष कितीही गुणांनी भरून निघत नाहीत आणि काही दोष समोर कोण आहे यावर ठरतात.

आजचा विषय पत्रिकेचा नाही, खेळाचा आहे. टेबलाभोवती चार-पाच जणांनी बसायचं, प्रत्येकाने एक पात्र घ्यायचं, एकाने सूत्रधार व्हायचं आणि फासे टाकत गोष्ट पुढे न्यायची. १९७४ साली अमेरिकेत ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ने हे सुरू केलं. तिथे पात्राचं बळ, चपळाई, बुद्धी वगैरे फाशांनी ठरायचं. जे पडेल ते नशीब. १९८१च्या ‘चॅम्पियन्स’ या खेळात वेगळी कल्पना जोर धरून आली. पात्र फाशांनी नको, खरेदीने बनवायचं. ठरावीक पॉइंट हातात, त्यातून शक्ती विकत घ्यायच्या. पॉइंट कमी पडले तर दोष पत्करायचे, दोषाबद्दल पॉइंट मिळतात. १९८६ साली आलेल्या ‘गर्प्स’ने या कल्पनेचा मोठा दरफलकच तयार केला.

तो दरफलक वाचण्यासारखा आहे. २००४च्या चौथ्या आवृत्तीत एक डोळा नसणं म्हणजे उणे १५. एक हात नसणं उणे २०. पूर्ण अंधत्व उणे ५०. लढाईतली सावधता हवी असेल तर तिची किंमत १५. म्हणजे एक डोळा द्या आणि सावधता न्या, हिशेब पुरा. शीघ्रकोप उणे १०, पण त्यातही पोटभाव आहेत. राग आवरायला तीन फासे टाकायचे. बेरीज १२ किंवा कमी आली तर आवरला, असा राग १०चा. ९ किंवा कमी आली तरच आवरतो, असा राग १५चा. पहिला माणूस चारांतून जवळजवळ तीनदा स्वतःला सावरतो, दुसरा दहांतून चारदाही नाही. क्रोधाचं इतकं नेमकं वर्णन आम्हाला नीतिशास्त्राच्या पुस्तकांत सापडलं नव्हतं, हे आम्ही थट्टेने म्हणत नाही.

पण दोन वस्तू एका रकान्यात घातल्यात, हे लक्षात घ्या. डोळा नाही, हा अभाव आहे. राग आहे, हा भाव आहे. आपल्या वैशेषिकांनी पुढच्या काळात अभावाला सातवा पदार्थ म्हणून वेगळं स्थान दिलं, ते उगीच नव्हे. रागीट माणसाजवळ काहीतरी जास्तीचं आहे, ते कधी त्याच्या कामीही येतं. दृष्टी नसलेल्या माणसाकडे दृष्टी नाही, एवढंच खरं. बाकी त्याची अडचण किती, हे रस्ता, कागद, दिवा, शेजारी यांवर ठरतं. दोघांच्या नावापुढे उणे चिन्ह लिहिलं की हा फरक पुसला जातो.

गेली दोन वर्षं आम्ही अशा एका टेबलावर अधूनमधून बसतो. पोरं अलिबाग-रेवदंड्याकडची, खेळातला काळ कान्होजी आंग्र्यांचा, नकाशात थळ, खांदेरी, उंदेरी, चौल, जंजिरा. एका मुलाने पॉइंट मिळवायला ‘बर्फाची भीती’ हा दोष घेतला. रेवदंड्याला! सगळे हसले, सूत्रधाराने तो खोडला. ‘चॅम्पियन्स’च्या परंपरेत यासाठी नियमच आहे: जी मर्यादा अडवत नाही तिला पॉइंट नाहीत. ‘गर्प्स’ आणखी एक उपाय सुचवतं, दोषांचे एकूण पॉइंट मूळ भांडवलाच्या निम्म्यापर्यंतच ठेवा. हे उपाय लबाडीवरचे आहेत. आमचा आक्षेप लबाडीवर नाही. प्रामाणिकपणे घेतलेल्या दोषाची किंमतही आगाऊ कशी ठरवणार, हा आहे.

त्याच टेबलावर एका मुलाला कमी ऐकू येतं, तो कानाला यंत्र लावतो. दरफलक चाळताना त्याला ‘कमी ऐकू येणे, उणे १०’ अशी ओळ दिसली. तो म्हणाला, “सर, मग माझे दहा पॉइंट कुठे आहेत?” पोरं थोडी हसली, मग गप्प झाली. प्रश्न विनोदाने विचारला होता, पण त्याला उत्तर द्यायला हवं. कारण या कोष्टकामागे एक फार जुनी समजूत बसली आहे: देवाने एक काढून घेतलं तर दुसरं देतोच. आंधळ्याला गळा गोड, पांगळ्याला बुद्धी तल्लख. ऐकायला बरं वाटतं. पण ज्याला गळाही नाही, त्याच्याकडे मग समाज असं बघतो की याने आपला मोबदला कुठे हरवला?

मोबदल्याचा दुसरा दरफलक आपल्या कायद्यात आहे. १९२३च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात एक डोळा गेला आणि दुसरा शाबूत असेल, तर कमाईची क्षमता ४० टक्के घटली असं धरत असत. अंगठा गेला तर ३०. रुक्ष वाटतं, पण हा कायदा त्या खेळापेक्षा शहाणा होता. तो म्हणत नव्हता की माणूस ४० टक्क्यांनी कमी झाला. तो फक्त कमाईचं बोलायचा, तेही इजा झाल्यावर. आणि बदल्यात पैसे द्यायचा, तलवारबाजी देत नव्हता.

खरं तर ‘गर्प्स’च्याच पानांत याचं उत्तर दडलेलं आहे. अधू दृष्टी उणे २५. पण चष्मा मिळत असेल तर तीच दृष्टी उणे १०. डोळा तोच, माणूस तोच. पंधरा पॉइंट कुठून आले? चष्म्याच्या दुकानातून. म्हणजे आंग्र्यांच्या गलबतावरच्या तांडेलाची अधू नजर २५ची आणि आज अलिबागच्या एसटी स्टँडवर उभ्या असलेल्या माणसाची १०ची. किंमत दोषाला चिकटलेली नव्हतीच, ती भोवतालच्या जगाची होती. दरफलक लिहिणाऱ्यांनी हे एका कलमात मान्य केलं आणि बाकीच्या पानांवर विसरले.

गलबताचाच दाखला घ्या. मराठ्यांच्या आरमाराची मुख्य जहाजं गुराब आणि गलबत. तळ उथळ. खोल दर्यात मोठ्या युरोपीय जहाजासमोर हा उणेपणा. पण १६७९ साली शिवाजी महाराजांनी खांदेरीवर तटबंदी सुरू केली आणि इंग्रज जहाजं नाकेबंदीला आली, तेव्हा रात्री किनाऱ्याला धरून सामान पोचवणाऱ्या मराठ्यांच्या लहान होड्या त्यांना अडवता आल्या नाहीत. पुढे आंग्र्यांच्या काळात वारा पडला की वल्ह्यांची गलबतं गुराबांना ओढून न्यायची. इथे दोष एका रकान्यात आणि गुण दुसऱ्या रकान्यात लिहिताच येत नाही. उथळ तळ ही एकच गोष्ट आहे. खाडीत ती गुण, भर दर्यात दोष. आमच्या पोरांनी आधी ‘उथळ तळ, उणे ५’ लिहून त्या पाच पॉइंटांत तोफा घेतल्या होत्या. म्हणजे ज्या गोष्टीने जहाज वाचतं तिलाच विकून तोफ घेतली.

हा विचार खेळ लिहिणाऱ्यांनाही सुचला आहे. ‘फेट’मध्ये पात्राला दुधारी वैशिष्ट्यं असतात. त्यांतून फायदा घ्यायचा तर खेळाडू टोकन खर्च करतो. त्याच वैशिष्ट्याने घात व्हायची वेळ आली, की सूत्रधार टोकन पुढे करतो. घ्या आणि अडचण सोसा, किंवा पदरचं एक देऊन सुटका करून घ्या. आगाऊ काही नाही. २०१४च्या ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’मध्येही पात्राचा दोष लिहायचा असतो आणि तो नीट वठवला तर सूत्रधार बक्षीस देतो, पण ते इतकं मोघम आहे की पुष्कळ टेबलांवर विसरलं जातं. आम्हाला ‘फेट’ची रीत अधिक पटते. बर्फाची भीती खुशाल घ्या. रेवदंड्याला बर्फ पडेल त्या दिवशी टोकन मिळेल.

कर्णाकडे बघा. त्याने कवचकुंडलं दिली आणि इंद्राकडून एकदाच वापरायची शक्ती घेतली. कागदावर सौदा समतोल होता. ती शक्ती अर्जुनासाठी राखली होती, खर्च झाली घटोत्कचावर. सौद्याची किंमत ठरली ती त्या रात्री, रणांगणावर.

पण ‘फेट’च्या रीतीतही एक भोक आहे आणि आमचं समाधान तिथे अडतं. युधिष्ठिराला द्यूताचा मोह. हा दोष सभेत आला, पूर्णपणे आला. टोकन कोणाला? नियमाप्रमाणे युधिष्ठिराला. पण सोसलं कोणी? त्याने भावांना पणाला लावलं, स्वतःला लावलं, मग द्रौपदीला. टेबलावरही हेच चालतं. शीघ्रकोपी पात्र घेतलेला खेळाडू मजेत दरबारात तलवार उपसतो, त्याला बक्षीस मिळतं, आणि तासभर बोलणी जमवत बसलेल्या मुलीचा डाव मातीत जातो. तिला काय? आम्ही आमच्या टेबलावर एक बदल सुचवला: दोष ज्याचा असेल त्याला टोकन नाही, त्या दोषाने ज्याचं नुकसान झालं त्याला. पोरांनी महिनाभर करून पाहिलं. रागीट पात्रं लगेच कमी झाली, पण भित्री वाढली. भित्रेपणाचं नुकसान कोणाचं झालं हे ठरवायला दर वेळी वाद होतो आणि सूत्रधार वैतागला आहे. त्यावर कोणाला काही सुचत असेल तर आता प्रश्नोत्तरांत जरूर सांगा. माइक मागच्या रांगेकडे द्या, तिथे एक हात वर आहे.